ब्रोशरवर ४८९, रस्त्यावर किती? इलेक्ट्रिक गाडीच्या रेंजचा हिशेब स्वतः कसा मांडायचा

पेट्रोल गाडी बघायला गेलेला माणूस शोरूममध्ये 'ॲव्हरेज किती देते?' विचारतो आणि उत्तर ऐकता ऐकता मनातच त्यातून चार-पाच वजा करतो. कंपनी वीस म्हणाली तर आपल्या पदरी चौदा-पंधरा पडणार, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. इलेक्ट्रिक गाडीत किती वजा करायचं, ते मात्र अजून आपल्या अंगवळणी पडलेलं नाही. म्हणून कुणी छापील आकड्यावर विसंबून लांबच्या प्रवासाला निघतो आणि वाटेत घामाघूम होतो, तर कुणी 'वाटेत बंद पडली तर?' म्हणत गाडी घ्यायचंच टाळतो. दोघांनाही अर्ध्या तासाचा हिशेब पुरेल. कागद-पेन्सिल घ्या, फोनचा कॅल्क्युलेटरही चालेल.

पहिली पायरी: आकडा कोणत्या चाचणीचा, ते विचारा

भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीची रेंज, म्हणजे एकदा पूर्ण चार्ज केल्यावर ती किती किलोमीटर जाते ते, प्रयोगशाळेत मोजतात. अशी चाचणी करणारी आपल्याला सगळ्यात जवळची संस्था म्हणजे पुण्यात वेताळ टेकडीवरची एआरएआय. गाडी रस्त्यावर नेत नाहीत, रोलरवर चढवतात आणि ठरवून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवत-कमी करत बॅटरी संपेपर्यंत पळवतात. तापमान आटोक्यात, एसी बंद, चढ नाही, समोरून वारा नाही, डिकीत सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या नाहीत.

या वेळापत्रकाला एमआयडीसी म्हणतात. चाकण-भोसरीच्या एमआयडीसीशी त्याचा संबंध नाही. ही युरोपच्या जुन्या चाचणीची भारतासाठी सुधारलेली आवृत्ती. तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग शहराचा, त्यात वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर जात नाही. दुसरा भाग शहराबाहेरचा, त्यातही कमाल वेग ९०. एक्सप्रेसवेवर कारला १०० आणि समृद्धी महामार्गावर १२० पर्यंत परवानगी आहे, हे आठवलं की गोम कुठे आहे ते कळतं. आपण ज्या वेगाने लांबचे प्रवास करतो, तो वेग या चाचणीत येतच नाही.

आधी बऱ्याच कंपन्या फक्त पहिल्या भागाचा आकडा जाहिरातीत लावायच्या. २०२४च्या उत्तरार्धापासून दोन्ही भागांचा एकत्रित आकडा सांगायची पद्धत आली. फरक किती पडतो? टाटा कर्व्हची ५५ युनिट (किलोवॉट-अवर) बॅटरीची गाडी ऑगस्ट २०२४ मध्ये आली तेव्हा रेंज ५८५ किलोमीटर सांगितली होती. दोन्ही भाग धरल्यावर तीच गाडी ५०२ किलोमीटरची झाली. गाडीतला एक स्क्रूही बदलला नव्हता.

म्हणून सेल्समनला थेट विचारा, 'हा आकडा फक्त पहिल्या भागाचा की दोन्ही भागांचा?' उत्तर देताना तो चाचरला तर ब्रोशरच्या तळाशी बारीक अक्षरात शोधा. दोन गाड्यांची तुलना करताना एकीचा पहिल्या भागाचा आणि दुसरीचा दोन्ही भागांचा आकडा शेजारी मांडला, तर ती तुलना कचऱ्यात टाकायच्या लायकीची. जुनी गाडी घेणाऱ्यांनी इथे जास्त जपावं, कारण सेकंडहँडच्या जाहिरातींत अजून जुनेच आकडे फिरतात.

अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या नातेवाइकाने 'आमच्याकडे हीच गाडी एवढीच जाते' असं सांगितलं तर तो खोटं बोलत नसतो. युरोपच्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत वेग ताशी १३१ पर्यंत जातो, त्यामुळे तिथला आकडा लहान येतो. बीवायडीची ॲटो ३ घ्या. भारतात तिची प्रमाणित रेंज ५२१ किलोमीटर आहे, डब्ल्यूएलटीपीनुसार तेवढ्याच बॅटरीला ४२०. अमेरिकेतली ईपीए ही सरकारी पर्यावरण संस्था तर प्रयोगशाळेत मिळालेल्या आकड्याला आणखी कात्री लावते; तिथे बहुतेक वेळा ०.७ ने गुणतात. तुम्ही बघताय त्या गाडीचा डब्ल्यूएलटीपी आकडा मिळत असेल तर तोच धरा. तो आपल्या रोजच्या अनुभवाच्या बराच जवळ जातो.

दुसरी पायरी: ढोबळ वजाबाकी

टाटाने २०२४ पासून प्रमाणित आकड्याबरोबर 'सी-७५' नावाचा दुसरा आकडाही द्यायला सुरुवात केली. आपल्या ग्राहकांपैकी ७५ टक्के लोकांना निदान एवढी रेंज मिळते, असा त्याचा अर्थ. नेक्सॉनच्या ४५ युनिट बॅटरीसाठी प्रमाणित आकडा ४८९ आणि सी-७५ चा ३५० ते ३७०. वर सांगितलेल्या कर्व्हला ४०० ते ४२५. कंपनीनेच दिलेला असल्याने हा आकडा मला कामाचा वाटतो. सगळ्यांनीच असा द्यायला हवा.

या आकड्यांवरून एक ढोबळ गणित निघतं. फक्त पहिल्या भागाचा आकडा असेल तर त्याचे ७० टक्के, दोन्ही भागांचा असेल तर ७५ ते ८० टक्के. शहर आणि थोडा महामार्ग अशा मिश्र वापराला एवढं धरून चाला. मात्र हे फक्त मिश्र वापरापुरतं. सलग महामार्गावर ताशी १०० ने गेलात तर हिशेब बराच खाली येतो, कसा ते चौथ्या पायरीत बघू.

प्रमाणित आकडा आणि प्रत्यक्ष यातल्या दरीवरून आपल्याकडे प्रकरण सरकारपर्यंत गेलेलं आहे. २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची प्रमाणित रेंज ३१२ किलोमीटर होती. आपली गाडी २०० च्या पुढे जात नाही अशी दिल्लीतल्या एका ग्राहकाने तक्रार केली, आणि दिल्ली सरकारने मार्च २०२१ मध्ये त्या गाडीचं अनुदान थांबवलं. पुढे उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. रेंज एआरएआयने ठरलेल्या चाचणीत मोजलेली आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं, आणि तेही खरंच होतं. चाचणी खरी होती आणि ग्राहकाचा अनुभवही खोटा म्हणता येत नव्हता.

तिसरी पायरी: किलोमीटर विसरा, युनिट मोजा

बॅटरीची क्षमता किलोवॉट-अवरमध्ये लिहितात. घाबरू नका, एक किलोवॉट-अवर म्हणजे महावितरणच्या बिलातलं एक युनिट. ४५ ची बॅटरी म्हणजे ४५ युनिटांची टाकी. त्यातली थोडी क्षमता कंपनी बॅटरीच्या सुरक्षेसाठी राखून ठेवते. ब्रोशरमध्ये एकूण आणि वापरता येणारी अशा दोन क्षमता वेगळ्या दिल्या असतील तर हिशेबाला दुसरी घ्या.

आता प्रश्न एकच उरतो: एका युनिटमध्ये किती किलोमीटर? काही गाड्या हे थेट किलोमीटर प्रति किलोवॉट-अवर असं दाखवतात. काही गाड्या एका किलोमीटरला किती वॉट-अवर लागले ते दाखवतात. तिथे १००० ला त्या आकड्याने भागा. १५० दिसलं तर युनिटला साधारण ६.७ किलोमीटर. काही परदेशी गाड्या १०० किलोमीटरला किती युनिट लागले ते दाखवतात, तिथे १०० ला त्या आकड्याने भागा.

घरी चार्ज करताना मीटरवर पडणारे युनिट आणि बॅटरीत पोचणारे युनिट सारखे नसतात. वाटेत दहा-बारा टक्के उष्णतेत जातात. ४५ ची बॅटरी पूर्ण भरली तर बिलात पन्नासच्या आसपास येतील. पैशांचा हिशेब मीटरवरून करा आणि रेंजचा गाडीच्या पडद्यावरून. दोन्हींची सरमिसळ केली की 'कंपनीने फसवलं' असं वाटायला लागतं.

चौथी पायरी: आपला वेग ठरवा

नव्याने गाडी घेणाऱ्याला सगळ्यात जास्त चकवणारी गोष्ट ही. पेट्रोल गाडी शहरात कमी ॲव्हरेज देते आणि महामार्गावर जास्त. इलेक्ट्रिक गाडीचं नेमकं उलटं. सिग्नलला उभी असताना तिची मोटर वीज खात नसते, आणि वेग कमी करताना मोटरच जनित्र होऊन थोडी वीज परत बॅटरीत टाकते. त्याला सगळे 'रीजन' म्हणतात. महामार्गावर ब्रेक फारसे लागत नाहीत, त्यामुळे परतावा नाही, आणि हवेचा विरोध मात्र सतत अंगावर.

हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १२० वर गेलात तर वेग दीडपट झाला, हवेचा विरोध सव्वादोनपट. साधारण सोळाशे किलोची छोटी एसयूव्ही, सपाट रस्ता, एसी चालू, असं धरून मी मांडलेला हिशेब असा येतो. हे मोजमाप नव्हे, गणित आहे. तुमच्या गाडीचे आकडे थोडे मागेपुढे असतील.

ताशी ८० ला युनिटला ७.२ किलोमीटर, म्हणजे ४५ युनिटांत सुमारे ३२५
ताशी ९० ला ६.४, म्हणजे सुमारे २९०
ताशी १०० ला ५.७, म्हणजे सुमारे २५५
ताशी १२० ला ४.५, म्हणजे जेमतेम २००

ब्रोशरवर ४८९ आणि एक्सप्रेसवेवर शंभरने गेल्यास २५५, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त. हा हिशेब न मांडता गाडी घेतलेले लोक पहिल्या लांबच्या प्रवासानंतर वैतागतात.

मग हळू चालवायची का? समृद्धीवरच्या ४०० किलोमीटरचा विचार करू. १२० ने गाडी चालवायला ३ तास २० मिनिटं लागतात, ९० ने सुमारे साडेचार तास. पण १२० ला ८९ युनिट लागतात आणि ९० ला साधारण ६३. वरचे २६ युनिट ३० किलोवॉटच्या चार्जरवर भरायला पाऊण तासाहून जास्त वेळ जातो, शिवाय एक थांबा वाढतो. वाचवलेल्या ६७ मिनिटांपैकी पन्नासेक मिनिटं चार्जरला गेली. चार्जर वेगवान आणि मोकळा असेल तर जोरात जाण्यात थोडा फायदा आहे. पण तो 'असेल तर' जरा मोठाच आहे. मी पंचाण्णवच्या आसपास राहण्याच्या मताचा आहे.

पाचवी पायरी: एसी, घाट आणि बाकीचे भागीदार

एसी किती रेंज खातो, हे सगळे विचारतात. पण एसी किलोमीटरवर खात नाही, तासावर खातो. गाडी एकदा थंड झाली की त्याला साधारण एक युनिट ताशी लागतं. उन्हात तापलेल्या गाडीत सुरुवातीची काही मिनिटं याहून बरंच जास्त. महामार्गावर ८० ने जाताना तेच एक युनिट ८० किलोमीटरवर वाटलं जातं, जाणवतही नाही. हिंजवडीच्या किंवा सायन-पनवेलच्या कोंडीत तासाला १५ किलोमीटर सरकत असाल तर तेच युनिट पंधरा किलोमीटरवर पडतं आणि शहरातली चांगली रेंज बघता बघता खाली येते. कोंडीत रेंज पडली म्हणून घाबरायचं कारण नाही. त्या दिवशी तुमचे एकूण किलोमीटरही कमीच होणार असतात. विदर्भातल्या मे महिन्यात मात्र एसी बॅटरी थंड ठेवण्याच्या कामालाही जुंपला जातो, तेव्हा थोडी आणखी सूट धरा. शक्य असेल तर गाडी चार्जरला लावलेली असतानाच थंड करून घ्या, म्हणजे तो पहिला झटका बॅटरीऐवजी घरच्या मीटरवर बसतो.

थंडीचा प्रश्न महाराष्ट्रात नगण्य. टोरांटो किंवा शिकागोतून हे वाचणाऱ्यांसाठी मात्र तोच पहिला. अमेरिकेतल्या ट्रिपल-ए या वाहनचालक संघटनेने २०१९ मध्ये घेतलेल्या चाचणीत उणे ७ अंशांच्या आसपास हीटर लावून गाड्यांची रेंज सरासरी ४१ टक्क्यांनी घटली. त्याच चाचणीत ३५ अंशांत एसी लावल्यावर घट १७ टक्के होती.

घाटाचं गणित सोपं आहे. चार माणसं धरून १९०० किलोची गाडी खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत साडेपाचशे मीटर वर चढवायची तर सपाट रस्त्याच्या खर्चावर बॅटरीतून सुमारे सव्वातीन युनिट जास्त लागतात. म्हणजे साधारण वीस किलोमीटरची रेंज. उतरताना रीजनने यातला बराचसा भाग परत मिळतो, पूर्ण नाही. म्हणून मुंबईहून पुण्याला येताना आणि पुण्याहून मुंबईला जाताना एकच हिशेब लावू नका. घाट चढताना पडद्यावरचा आकडा भराभर कोसळतो, तेव्हा जीव घाबरा होतो. माथ्यावर पोचल्यावर तो सावरतो.

उताराची एक मेख आहे. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते, आणि रीजन जवळजवळ बंद होतं. पाचगणीच्या हॉटेलात रात्री १०० टक्के चार्ज करून सकाळी पसरणी घाट उतरायला लागलात, तर सवयीप्रमाणे ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावणार नाही. ब्रेकवर जास्त पाय द्यावा लागेल. वीज वाया जाते ते वेगळंच. डोंगरावर मुक्काम असेल तर नव्वदला थांबवा.

टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी बघा. दिसायला भारी म्हणून रुंद टायर बसवू नका. टपावरचा कॅरिअर काम नसताना काढून ठेवा. रिकामा कॅरिअरही महामार्गावर वारा अडवतो. भर पावसात रस्त्यावर पाणी असलं की रेंज थोडी घटते.

सहावी पायरी: टेस्ट ड्राइव्ह मागून घ्या, मिळेल तेवढी घेऊ नका

शोरूमला वळसा घालून पाच मिनिटांत परत आणणारी टेस्ट ड्राइव्ह रेंजच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. निदान वीस-पंचवीस किलोमीटर मागा आणि त्यातला मोठा भाग मोकळ्या रस्त्यावर असू द्या. निघण्याआधी ट्रिप मीटर शून्यावर आणा. एसी तुम्ही रोज ठेवता तेवढा ठेवा. सेल्समन 'इको मोडवर टाका' म्हणेल; तुम्ही नंतर इकोवर चालवणार नसाल तर टाकू नका. परत आल्यावर युनिटला किती किलोमीटर पडले ते बघा आणि बॅटरीच्या क्षमतेने गुणा. आलेला आकडा तुमचा. ज्या गाडीचा छापील आकडा मोठा ती या परीक्षेत पुढे येईलच असं नाही.

पडद्यावर उरलेल्या किलोमीटरांचा जो आकडा दिसतो, त्यावर फार भरवसा ठेवू नका. तो भविष्य सांगत नाही, तुमच्या नुकत्याच झालेल्या ड्रायव्हिंगवरून अंदाज बांधतो. आठवडाभर गावात हळू चालवून गाडी भरली की तो ३८० दाखवेल, आणि एक्सप्रेसवेवर चढल्यावर एक किलोमीटर गेलात तर दोन कमी होतील. घाट उतरून आल्यावर तर तो स्वप्नं दाखवतो. बॅटरीचे टक्के आणि युनिटमागचे किलोमीटर या दोनच गोष्टी बघायची सवय लावा.

सातवी पायरी: पहिला लांबचा प्रवास कागदावर

महामार्गावर कुणी बॅटरी शंभरावरून शून्यावर नेत नाही. खाली दहा टक्क्यांच्या आत जायचं नाही, आणि वर ८० टक्क्यांच्या पुढे फास्ट चार्जिंगचा वेग इतका मंदावतो की तिथे थांबणं परवडत नाही. म्हणजे घरून निघताना ९० टक्के हाताशी, आणि नंतरच्या प्रत्येक थांब्यानंतर फक्त ७० टक्के. ४५ युनिटची गाडी ९० ने चालवली तर पहिला टप्पा सुमारे २६० किलोमीटर आणि पुढचे टप्पे दोनशेचे. १२० ने गेलात तर पुढचे टप्पे १४० चे.

पुण्याहून कोल्हापूर घेऊ. अंतर साधारण २३० किलोमीटर. दोन्ही शहरांची उंची जवळपास सारखी, त्यामुळे खंबाटकी घाटात गेलेलं बऱ्यापैकी परत मिळतं. १०० टक्क्यांवर निघून ९० ने गेलात तर ३६ युनिट लागतील आणि वीसेक टक्के शिल्लक ठेवून पोचाल. शंभरने गेलात तर ४० युनिट लागतील, शिल्लक दहा टक्के; समोरून वारा किंवा पाऊस असला की गणित कोलमडलं. अशा वेळी साताऱ्यात किंवा कराडमध्ये चहाच्या वेळेत वीस मिनिटं चार्ज करून घ्या आणि निवांत जा. परतीचा विचार निघतानाच करा. कोल्हापुरात मुक्कामाच्या ठिकाणी रात्रभर चार्ज करायची सोय असेल तर प्रश्न नाही. नसेल आणि तिथून ८० टक्क्यांवर निघावं लागलं, तर वाटेत एक थांबा ठरलेलाच.

चार्जर निवडताना ॲपवर हिरवा ठिपका दिसला म्हणून समाधान मानू नका. त्या ठिकाणी किती दिवसांपूर्वी कुणीतरी यशस्वी चार्जिंग केलंय ते बघा, जमलं तर फोन करा, आणि प्रत्येक थांब्यासाठी त्याच्या अलीकडे वीस-तीस किलोमीटरवर एक पर्यायी ठिकाण लिहून ठेवा. पलीकडचं ठिकाण कामाला येईलच असं नाही. एकच चार्जिंग गन (गाडीला लावायचा प्लग) असलेल्या ठिकाणापेक्षा तीन-चार गन असलेलं ठिकाण थोडं लांब पडलं तरी चालेल. कोकणात वेग कमी असल्याने रेंज चांगली मिळते, पण गणपतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत चार्जरला रांग लागते. त्या दिवसांत रात्री उशिरा किंवा पहाटे चार्ज करायचं ठेवा आणि गावच्या घरी १५ अँपिअरचा अर्थिंग असलेला प्लग आधीच बसवून घ्या. त्याने ताशी तीनेक युनिट भरतात. रात्रीच्या दहा तासांत तीस, म्हणजे मोठा थांबा वाचला.